तोफांच्या सरावाचे दिवस

परवा दुपारी बाराच्या सुमाराला पेपर वाचत बसलो होतो आणि पहिली तोफ उडाली. तावदानं थरथरली. पलीकडच्या कौलांवरची कबुतरं एकदम उठली, अर्धी फेरी मारून पुन्हा बसली. बायको माळ्यावरून काढलेली, दसऱ्यात मांडायच्या बाहुल्यांची पेटी उघडून बसली होती. राजा-राणीची जोडी जुन्या धोतराच्या चिंध्यांतून सोडवता सोडवता म्हणाली, "सुरू झालं जी तुमचं." मी उठून खिडकी लावली. खिडकी लावल्यानं तोफेचा आवाज कमी होत नाही हे मला ठाऊक आहे. पण तोंडात कडू पाणी सुटतं, ते थुंकायला उठायचं तर काहीतरी निमित्त लागतं.

म्हैसूरबाहेरच्यांसाठी सांगतो. मिरवणुकीचे हत्ती दसऱ्याच्या दीड-दोन महिने आधी जंगलातल्या छावण्यांमधून शहरात येतात. राजवाड्याच्या आवारात त्यांचा मुक्काम असतो, माहुतांची बायकापोरं तिथेच शेडमध्ये संसार मांडतात. सकाळी हत्ती पाठीवर वाळूच्या गोणी घेऊन रस्त्यानं चालायचा सराव करतात. त्यांना वजनकाट्यावर उभं करतात आणि कोण किती किलोनं वाढला हे दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मग तोफांचा सराव. दसऱ्याला एकवीस तोफांची सलामी असते. त्या आवाजानं हत्ती-घोडे उधळू नयेत म्हणून आधी दोन-तीनदा त्यांना मैदानात नेऊन तोफांपुढे उभं करतात. पहिल्या दिवशी एखादा हत्ती मागे सरतो, सोंड आत ओढून घेतो, लीद टाकतो. तिसऱ्या खेपेला जागचा हलत नाही. बघणारे टाळ्या वाजवतात. मीही सत्तर वर्षं वाजवल्या.

या दिवसांचं मला वेड होतं. उकडलेल्या उडदाचा आणि गुळाचा वास, वडाच्या फांद्यांचे भारे, ओल्या मातीत उमटलेली परातीएवढी पावलं, रस्तोरस्ती दिव्यांच्या माळा बांधणारे लोक. चौथीत असताना वडिलांच्या पुढ्यात उभा राहून मी तोफ पाहिली. आम्ही मूळचे रंगारी. वडिलांची नखं शेवटपर्यंत निळी राहिली. तोफेच्या वेळी त्यांनी माझे दोन्ही कान त्या निळ्या बोटांनी झाकले होते. आधी सांगितलंही होतं, "आता मोठा आवाज होणार हं, घाबरायचं नाही." ही आठवण मी पूर्वी चार ठिकाणी कौतुकानं सांगितली आहे. आता ती आठवली तरी मला स्वतःची शिसारी येते.

आमच्या समाजाचा चिटणीस दिनकर मला मामा म्हणतो. गेल्या महिन्यात घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "मामा, स्मरणिकेला दसऱ्याची एक जुनी आठवण द्या. आणि तुमचा तो हत्तींचा प्रयोग यंदा परत करूया. सूदानहून आलेली सहा घरं आहेत आपल्याकडे. संस्थेच्या ऑफिसवाल्यांनी तुमचा अहवाल पुस्तिकेत घातलाय, नमुना म्हणून. तुमचा सत्कारही ठेवलाय, नाही म्हणू नका." त्यानं पुस्तिका पुढे केली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हत्ती. सोळाव्या पानावर मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं खोटं, माझ्याच शब्दांत, स्वच्छ छापलेलं.

ही ती आठवण. दिनकरला हवी होती तशी नाही.

आपल्या विद्यापीठात अफगाणिस्तानची मुलं अनेक वर्षं शिकायला येतात. तिकडचं सरकार कोसळलं तेव्हा त्यांतली काही बायकामुलांसह इथेच अडकली. शिष्यवृत्त्या आटल्या, परतायची वाट राहिली नाही. एका संस्थेनं त्या घरांतल्या बायकांसाठी दर गुरुवारी बैठक सुरू केली आणि आपल्या समाजानं सभागृहाचा वरचा मजला दिला. बैठक चालवायला शुभा होती. हासनची मुलगी, तिशीच्या आसपासची, मनाच्या आजारांवरचं शिक्षण घेतलेली. दुभाषा म्हणून मी, आणि दर बैठकीचा तक्ता भरणंही माझ्याकडे. उर्दू मला मंडी मोहल्ल्यात वडिलांच्या रंगाच्या भट्टीवर आली, तिथले कामगार दखनी बोलायचे. लिहावाचायला एका मौलवींनी शिकवलं. तिथून मी मेटगळ्ळीच्या कारखान्यात तपासनीस झालो. एकतीस वर्षं माल बघितला, तक्ते भरले, सह्या केल्या. रकाना रिकामा सोडायचा नाही ही आमच्या खात्याची शिस्त होती. खरं ठाऊक नसेल तर जे असायला हवं ते लिहायचं. याला आम्ही अनुभव म्हणत असू.

शुभाची पद्धत मला पहिले दोन महिने पोरखेळ वाटली. कोणाला काही विचारायचं नाही. तिकडे काय पाहिलं, कोण गेलं, काहीही नाही. बायका सतरंजीवर बसून भरतकाम करायच्या, चहा प्यायच्या, एकमेकींच्या मुलांच्या उवा काढायच्या. शेजारच्या गल्लीतल्या दोन-तीन बायकाही मुद्दाम बोलावलेल्या असत. त्यांतली फुलवाली गंगम्मा त्यांना कानडी शिकवायची आणि त्या तिला पातळ पोळी लाटून, आत बटाटा भरून तव्यावर भाजायला शिकवायच्या. शुभा म्हणायची, डॉक्टर लागेल त्याला डॉक्टरकडे नेऊच, पण आधी यांना शेजार पाहिजे. आणि दुभाष्यानं बोललेलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी मान डोलवायचो आणि पदरचं घालायचो.

त्यांत जरमीना होती. लहानपण पाकिस्तानात, बलुचिस्तानातल्या क्वेट्ट्यात निर्वासित म्हणून गेलेलं, शाळा उर्दूतली, त्यामुळे माझं तिच्याशी जमलं. पहिल्याच दिवशी ती मला काका म्हणाली. त्यांच्याकडेही चुलत्याला काकाच म्हणतात हे मला तेव्हा कळलं. सभागृहात आपल्या हिंगळाजमातेची तसबीर आहे. तिनं विचारलं, मी सांगितलं की देवीचं मूळ ठाणं बलुचिस्तानात आहे, आम्हाला आता तिथे जाता येत नाही. ती म्हणाली, तिकडचे लोक तिला नानी म्हणतात, आमच्या शेजारची म्हातारी दर्शनाला जाऊन आली होती. मग हसली. म्हणाली, "म्हणजे काका, तुमची देवी माझ्या गावाकडची आणि मी तुमच्या." मी तिला मुलगी मानायला लागलो. निदान तसं घरी सांगायला लागलो.

ती कायम दाराजवळ बसायची. सभागृहाच्या मागच्या पत्र्यावर नारळाची झावळी पडली की उभी राहायची, आणि उभी राहिल्याचं लक्षात आलं की काहीतरी आणायला उठल्यासारखं करायची. रात्री झोप नाही असं तिचा नवरा सांगायचा. आणि मग एका गुरुवारी, बैठक चालू असताना, ती भिंतीला टेकून झोपली. सुई हातातच होती. शुभानं खूण केली, सगळ्यांचे आवाज खाली आले. गंगम्मानं हळूच तिच्या बोटांतून सुई काढून घेतली. वीस मिनिटं सात-आठ बायका न बोलता टाके घालत राहिल्या. मी तक्त्यात लिहिलं: सहभाग नाही.

शुभानं ते वाचलं आणि तक्ता माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "अंकल, सहा महिन्यांत इथे यापेक्षा मोठं काही घडलेलं नाही." मी ते खोडून "सहभाग उत्तम" असं लिहिलं. तिला वाटलं मला समजलं.

सप्टेंबर आला. शुभानं मला एक काम दिलं. तोफांच्या सरावाच्या तारखा आणि वेळा आल्या की प्रत्येक घरी फोन करून उर्दूत सांगायच्या. कधी, किती तोफा, कुठे आणि कशासाठी. आवाज येणार हे माहीत असलं की माणूस तयारीत राहतो, त्या दिवशी शहराबाहेर जायचं तर जाईल. मला ते फार किरकोळ वाटलं. मी म्हटलं, फोन कशाला, त्यांना मैदानातच नेऊ. तोफेहून मोठा आवाज म्हैसुरात नाही. हत्तीसारखा हत्ती तीन खेपांत तयार होतो. एकदा तो आवाज पचला की झावळी म्हणजे काय. मी हे इतक्या हुशारीनं बोललो की आत्ता लिहितानाही मला माझा तो स्वर ऐकू येतो, निवृत्त माणसाचा, सगळं आधीच कळलेला.

शुभा म्हणाली, "हत्तीला कोणी विचारत नाही अंकल. आणि त्याची भीती जाते हे तुम्हाला कोणी सांगितलं? पळू देणार नाहीत एवढंच त्याला कळतं." मग तिनं स्पष्ट शब्दांत नको म्हणून सांगितलं. दोनदा. कोणी तिसरा तिथे नव्हता, म्हणून हे आज लिहिणं मलाच भाग आहे.

चार दिवसांनी आईच्या ऑपरेशनसाठी ती हासनला गेली. मी फोन कोणालाच केले नाहीत. सरावाच्या सकाळी जरमीनाच्या घरी गेलो आणि विचारलं, हत्ती बघायला येतेस का, मुलीलाही घे. तोफेचा उल्लेख केला नाही. विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर ती आली नसती, हे ठाऊक होतं म्हणून सांगितलं नाही. तिनं विचारलं, "गर्दी असेल का काका?" मी म्हटलं, थोडीशी. सहा वर्षांची नीलोफर आधीच चपला घालून दारात उभी होती.

मैदानात ऊन होतं आणि खाली आदल्या दिवशीच्या पावसाचा चिखल. हत्ती ओळीनं उभे, पुढे घोडे, त्यांच्यापुढे पोलिसांच्या तोफा. एकानं दारूची पुरचुंडी नळीत ढकलली, दुसऱ्यानं दांड्यानं ठासली. नीलोफर हत्ती मोजत होती. जरमीनानं तोफा बघितल्या आणि माझ्याकडे वळून पाहिलं. विचारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बत्ती लागली.

मुलगी खाली होती आणि आई तिच्यावर. हे कसं झालं ते मला दिसलंच नाही, इतक्या झटक्यात. चिखलात पालथी, दोन्ही कोपरांनी मुलीचं डोकं झाकलेलं. दुसरी तोफ. तिसरी. कोणीतरी कानडीत म्हणालं, नाटक बघ. दोघं-तिघं हसले. एका पोरानं मोबाइल हत्तींवरून तिच्यावर वळवला. आणि मी दोन पावलं मागे सरलो. लोकांनी मला तिच्याबरोबर आलेला समजू नये म्हणून. या वाक्याला तीन वर्षं लागली. बायकोला मी तेव्हा सांगितलं होतं की धक्का लागून मी मागे गेलो.

हत्तींच्या बाजूनं एका माहुताची बायको आली. पदर खोचलेला, तंबाखूनं लाल झालेलं तोंड. ती चिखलात जरमीनाशेजारी बसली आणि तिच्या पाठीवर पालथा हात ठेवला. थोपटलं नाही, बोलली नाही. उरलेल्या सगळ्या तोफा होईपर्यंत हात तिथेच होता. संपल्यावर तिनं मान वर करून बरोबर माझ्याकडे पाहिलं. मी लांब उभा असलो तरी तिनं ओळखलं होतं. कानडीत विचारलं, "सांगितलं नव्हतंत का हिला?"

मी म्हटलं, सांगितलं होतं.

रिक्षात जरमीना नीलोफरच्या केसांतला चिखल नखानं काढत राहिली. मी मधे म्हटलं, पुढच्या खेपेला इतकं वाटणार नाही. खरंच म्हटलं.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला. आधी कल्पना दिली होती का: होय. संमती: स्वेच्छेनं. सुरुवातीला थोडी प्रतिक्रिया, नंतर शांत. "देखरेख कोणाची" या रकान्यात शुभाचं नाव. कारखान्यात पाळीप्रमुखाचं नाव घालायची सवय, असं मी पुढे स्वतःला समजावलं. सवय नव्हती. मोठा प्रयोग म्हटला की त्यावर शिकलेल्या माणसाचं नाव शोभतं, आणि बिघडलाच तर दुसऱ्याचं बरं.

जरमीनाच्या नवऱ्यानं तक्रार केली तेव्हा संस्थेच्या ऑफिसनं कागद काढले. कागदांवर शुभा होती. तिनं सांगितलं, मी त्या दिवशी हासनला होते आणि मी नको म्हटलं होतं. मला फोन आला. मी म्हणालो, मला नीट आठवत नाही, वय झालं. शुभाचं काम गेलं. जरमीना पुन्हा बैठकीला आली नाही. तिच्यामागे एकेक जण यायची थांबली आणि दिवाळीनंतर वरच्या मजल्याला कुलूप लागलं. तक्रार शुभाच्या नावावर मिटल्यावर काही काळानं ऑफिसात नवी माणसं आली, त्यांना अहवाल आवडला, आणि तो पुस्तिकेत गेला.

मधल्या तीन वर्षांत मी काय केलं? हत्ती आले की पेपरात वजनं वाचली. बाहुल्यांना मखर करून दिलं. सोसल्याच्या मठात जाऊन आलो आणि प्रसाद सगळ्यांना वाटला. अन्न पचत होतं, झोप लागत होती. पश्चात्तापानं माणूस झुरतो म्हणतात, मी दोन किलोनं वाढलो. किळस येते ती या गोष्टीची जास्त.

दिनकर पुस्तिका ठेवून गेला त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं, मागे सरलेल्या दोन पावलांसकट. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला सांगून काय जी? मी काय, सुम्ने गप ऐकून घेणार. ज्यांचं केलंत त्यांना सांगा. आणि त्या सूदानच्या बायकांना नेण्याआधी सांगा, नंतर नको."

सकाळी दिनकरला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आता कोणाच्या लक्षात आहे ते? छापलेलं कशाला उकरता?" मी म्हटलं, छापलंय म्हणूनच. तो चिडला, पण सूदानी घरांची सहल त्यानं त्याच दिवशी रद्द केली. सत्कारही. हा लेख छापेल की नाही ठाऊक नाही. आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. तोंडदेखलं कबूल करायला हीच भाषा सोयीची, हे माझ्या लबाड मनात येऊन गेलं. म्हणून सोबत कानडी प्रतही दिली आहे.

शुभा आता एका शाळेत समुपदेशक आहे. फोनवर तिला मी सगळं सांगितलं. मी म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "अंकल, मला सांगू नका, ऑफिसला लेखी द्या. मुलांचा तास आहे माझा." आणि फोन ठेवला. तिचं बरोबर होतं.

लेखी निवेदन मी उर्दूतही केलं, कारण त्यातल्या मुख्य माणसाला ते वाचता यायला हवं होतं. तीन पानं घेऊन राजीवनगरला गेलो. दार जरमीनानं उघडलं. केस कानांजवळ पांढरे झालेत. आतून कांदा परतल्याचा वास येत होता आणि कोणीतरी कानडी पाढे म्हणत होतं. तिनं मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. उंबऱ्यात उभं राहून तिन्ही पानं वाचली. सावकाश, एक पान परत मागे घेऊन.

मग पेन मागितलं.

दुसऱ्या पानावर, तोफ उडाल्यावर ती किंचाळली असं मी लिहिलं होतं. मला ती किंचाळी अगदी स्पष्ट आठवत होती. तिनं त्या ओळीवर रेघ मारली.

"मी ओरडले नव्हते, काका," ती म्हणाली. "ओरडलं की आपण कुठे लपलोय ते कळतं. मी नीलोफरचंही तोंड दाबलं होतं."

कागद दाराच्या फळीवर टेकवून तिनं समासात तिच्या हातानं दोन ओळी लिहिल्या. पेन परत दिलं. दार लावलं, आपटलं नाही.

निवेदन तसंच ऑफिसला पाठवलं, रेघेसकट. काल तिथून एका मुलीचा फोन आला. फार आदरानं बोलत होती. म्हणाली, सर, समासातल्या त्या दोन ओळींचं तेवढं इंग्रजी करून द्याल का, तुम्हीच तेव्हाचे दुभाषे आहात. मी म्हटलं, दुसरा कोणीतरी शोधा, मी पदरचं घालतो. ती म्हणाली, दोनच तर ओळी आहेत सर. मी म्हटलं, हो, दोनच आहेत. दुसरा शोधा.